समीकरण जुळवण्याआधी सूत्र पक्कं हवं: तुम्ही कसं शिकवता, कसं शिकलात?

शिसपेन्सिल

नववी-दहावीच्या मुलांना मी रसायनशास्त्र शिकवते. "मुलांना समीकरणं संतुलित करता येत नाहीत" ही तक्रार शिक्षकांकडून आणि पालकांकडून सारखी ऐकू येते. माझं मत असं की बहुतेक वेळा अडचण संतुलनाची नसतेच. ती एक पायरी आधी, सूत्रापाशी असते. सूत्र म्हणजे आकड्यांची एक युक्ती, असं मुलाच्या मनात एकदा बसलं की पुढचं सगळंच डळमळतं.

(सूत्रं उच्चारतो तशी देवनागरीत लिहिते आहे. एच₂ओ म्हणजे 'एच टू ओ'. वहीत अर्थातच नेहमीच्या संज्ञा.)

एकच उदाहरण जवळून पाहू. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून पाणी तयार होतं. मूल लिहितं:

एच₂ + ओ₂ → एच₂ओ

डावीकडे ऑक्सिजनचे अणू २, उजवीकडे १. मुलाला यावर सगळ्यात सोपा सुचणारा इलाज म्हणजे उजवीकडच्या 'ओ'च्या पायाशी २ लिहून टाकणं:

एच₂ + ओ₂ → एच₂ओ₂

मोजून बघा. हायड्रोजन दोन्हीकडे २, ऑक्सिजन दोन्हीकडे २. हिशोब चोख आहे. फक्त उजवीकडे आता पाणी राहिलेलं नाही, तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड आलं आहे. ते रंग उडवतं, जंतू मारतं, आणि पाणी म्हणून पिता येत नाही. आपण या उत्तरावर लाल फुली मारतो आणि "खालच्या आकड्याला हात लावायचा नाही" असं बजावतो. मूल नियम पाळायला लागतं, पण का पाळायचा ते त्याला कळलेलं नसतं. म्हणून जरा अवघड समीकरण आलं की हात पुन्हा खालीच जातो.

मी फुली मारण्याऐवजी विचारते, "हे जे तू उजवीकडे लिहिलंस, त्या बाटलीवर काय नाव लिहशील?" पायाशी लिहिलेला अंक, म्हणजे पादांक, हा पदार्थाच्या ओळखीचा भाग आहे. सूत्राच्या आधी लिहितो तो सहगुणक म्हणजे त्या पदार्थाचे किती रेणू घेतले तो आकडा. सहगुणक आपण निवडायचा असतो. पादांक आपल्याला निवडता येत नाही, तो पदार्थ तपासून शोधून काढलेला असतो. एवढं मनात ठसलं की २ एच₂ + ओ₂ → २ एच₂ओ हे मूल स्वतःच शोधतं.

दुसरा मुद्दा तिरकस गुणाकाराचा. संयुजा (अणूची इतरांशी जोडलं जाण्याची क्षमता सांगणारा आकडा) लिहा, फुलीसारख्या रेघा मारा, आकडे अदलाबदल करून खाली आणा. ॲल्युमिनिअम ३, ऑक्सिजन २, झालं एएल₂ओ₃. उत्तर बरोबर येतं, पण का आलं ते दिसत नाही. मॅग्नेशिअम २, ऑक्सिजन २ घेतलं की एमजी₂ओ₂ येतं, मग आपण सांगतो "सामाईक अवयवानं भाग", आणि एमजीओ मिळतं. मग एखादी चौकस मुलगी विचारते की हायड्रोजन पेरॉक्साइडचं एच₂ओ₂ आपण भागून एचओ का करत नाही? ॲसिटिलिन सी₂एच₂ आणि बेंझिन सी₆एच₆, भागलं तर दोघांचंही सीएच होईल. एक वायू, एक द्रव, गुणधर्म अगदी वेगळे, आणि सूत्र एकच?

या प्रश्नाचं उत्तर तिरकस गुणाकारात नाही. मॅग्नेशिअम ऑक्साइडमध्ये सुटे रेणूच नसतात. धन आयन आणि ऋण आयन (आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू किंवा अणूंचा गट) आळीपाळीनं रचलेला तो अखंड स्फटिक असतो, म्हणून तिथे सूत्र फक्त प्रमाण सांगतं, आणि प्रमाण सर्वात लहान पूर्णांकांत लिहायचं. बेंझिनमध्ये मात्र सहा कार्बन आणि सहा हायड्रोजन एकमेकांशी बांधलेले खरोखरच असतात, तिथे सूत्र मोजणी सांगतं. मोजलेली संख्या भागायची नसते.

आयनांच्या संयुगांसाठी मी रेघा न मारता एकच वाक्य वापरते: धनभार आणि ऋणभार मिळून शून्य झाला पाहिजे. ॲल्युमिनिअमवर +३, सल्फेटवर −२. दोन ॲल्युमिनिअमचे +६, तीन सल्फेटचे −६. आकडेमोड तीच आहे, पण तिचं कारण मुलाला समोर दिसतं.

तुमचे अनुभव, विरोधी मतं, युक्त्या, सगळं येऊ द्या.

---

निळा_लिटमस

धागा आवडला. कंसाबद्दल लिहायचं राहिलं आहे, ते मी लिहितो, कारण माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त गुण तिथेच जातात.

कॅल्शिअम हायड्रॉक्साइड सीए(ओएच)₂ असं लिहायचं असताना मुलं कंस गाळून सीएओएच₂ लिहितात. वाचताना आवाजात फारसा फरक पडत नाही, म्हणून चूक जाणवतही नाही. पण कंसाशिवाय तो २ फक्त हायड्रोजनचा होतो, ऑक्सिजन एकटाच राहतो. कंसाबाहेरचा अंक कंसातल्या सगळ्यांना लागू असतो.

ॲल्युमिनिअम सल्फेट मी मुद्दाम मोजायला देतो: एएल₂(एसओ₄)₃. ॲल्युमिनिअम २, सल्फर ३, ऑक्सिजन ४ × ३ = १२. एकूण १७ अणू. ज्याला १७ येतात त्याला कंस कळला. ज्याला ९ येतात त्यानं नुसते दिसतील ते आकडे मिळवलेत, ज्याला १५ येतात त्यानं सल्फर एकच मोजला.

आणि समीकरणात सल्फेट, नायट्रेट दोन्ही बाजूंना तसेच राहत असतील तर ते फोडून मोजूच नयेत, सबंध गट एक नग म्हणून मोजावा. ऑक्सिजन तीन-चार ठिकाणी विखुरलेला असतो, तो गोळा करत बसण्यात मुलं हरवतात.

---

मुक्तछंद_०७

मी पालक आहे, विज्ञान शाळेनंतर सुटलं. मुलगी सूत्रं अक्षरशः पाठ करते, वहीची दोन पानं भरून यादी आहे. हे पाठ करणं गरजेचं आहे का? नसेल तर नेमकं काय पाठ असायला हवं?

---

शिसपेन्सिल

@मुक्तछंद_०७, संयुगांची यादी पाठ करून उपयोग नाही, ती न संपणारी आहे. आयन पाठ असले की बस. सोडिअम, पोटॅशिअम, चांदी, अमोनिअम +१. मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, बेरिअम, जस्त +२. ॲल्युमिनिअम +३. लोखंड +२ आणि +३ दोन्ही, तांबं +१ आणि +२ दोन्ही. ऋण बाजूला क्लोराइड, हायड्रॉक्साइड, नायट्रेट, बायकार्बोनेट −१. ऑक्साइड, सल्फाइड, सल्फेट, कार्बोनेट −२. फॉस्फेट −३. एवढ्यांच्या जोड्या लावल्या तरी शंभराहून जास्त सूत्रं तयार होतात.

फक्त पाठ करताना भार वगळू नका, नावाबरोबर भार आलाच पाहिजे. एसओ₃ नुसतं लिहिलं तर तो सल्फर ट्रायऑक्साइड, स्वतंत्र संयुग. त्यावर −२ भार असेल तर तो सल्फाइट आयन, आणि तो एकटा बाटलीत कधी मिळणार नाही, बरोबर धन आयन लागणारच. अक्षरं तीच, अंक तोच, भारामुळे सगळं बदललं. एनओ₂चंही तसंच: भार नसेल तर तांबूस-तपकिरी विषारी वायू, −१ असेल तर नायट्राइट.

---

तराजू

थोडं विरोधात लिहितो. शिसपेन्सिल ताई, तुमचं म्हणणं तत्त्वतः मान्य, पण तिरकस गुणाकाराला इतकं झोडपू नये. वर्गात पन्नास मुलं असतात. त्यातल्या पंधरा-वीस जणांना 'भार' ही कल्पनाच अजून धूसर असते. त्यांना एक हमखास चालणारी रीत हातात दिली, की ती निदान लिहायला लागतात. लिहायला लागली की भीती जाते, आणि भीती गेली की समजून घ्यायची तयारी होते. आधी रीत, मग कारण, हा क्रम काही मुलांना जास्त मानवतो.

---

शिसपेन्सिल

@तराजू, क्रम उलटा चालतो हे मलाही मान्य आहे, काही मुलांना तो खरंच मानवतो. माझी हरकत एवढीच की 'मग कारण' हा भाग बहुधा येतच नाही. परीक्षा होते, धडा संपतो, रीत तेवढी राहते. आणि ती हमखास चालणारी नाहीच. पाऱ्याचं एक क्लोराइड आहे, एचजी₂सीएल₂. तिरकस गुणाकारवाला त्याला लगेच भागून एचजीसीएल करेल. पण तिथे पाऱ्याचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात आणि त्या जोडीवर मिळून +२ भार असतो. तसंच सोडिअम पेरॉक्साइड एनए₂ओ₂. तिथे ऑक्सिजनची जोडी मिळून −२ आहे. जोडी तोडून भागलं तर आयनच नाहीसा होतो.

रीत जरूर द्या, पण त्याच तासाला भारांची बेरीज शून्य करून दाखवा. पाच मिनिटं जास्त लागतात.

---

दुर्बीण

इथे इतिहास कामाला येईल. पाण्याचं सूत्र एच₂ओ आहे, हे आज पाचवीतलं पोरही सांगतं. पण ते ठरायला मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांना पन्नासएक वर्षं लागली, आणि ती का लागली हे मुलांना सांगितलं तर पादांक 'शोधून काढलेला असतो' म्हणजे काय ते नीट कळतं.

जॉन डाल्टननं १८०८ मध्ये अणुसिद्धान्त मांडला तेव्हा पाणी म्हणजे एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असं धरलं होतं. दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल तर ते एकास एक असणार, हा त्याचा साधेपणाचा नियम. आता बघा, आजच्या आकड्यांनी पाण्यात वजनानं हायड्रोजनच्या आठपट ऑक्सिजन असतो. सूत्र एचओ धरलं तर ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या ८ पट जड. सूत्र एच₂ओ धरलं तर १६ पट जड. वजनकाटा या दोन्हींना सारखाच होकार देतो! अणुवस्तुमान माहीत असेल तर सूत्र काढता येतं आणि सूत्र माहीत असेल तर अणुवस्तुमान. दोन्ही माहीत नसतील तर गाडी अडली.

ती सुटली वायूंच्या आकारमानांमुळे. गे-ल्युसॅकनं दाखवलं की २ आकारमान हायड्रोजन आणि १ आकारमान ऑक्सिजन यांच्यापासून २ आकारमान वाफ मिळते. १८११ मध्ये ॲव्होगॅड्रोनं सांगितलं की समान तापमान आणि दाब असताना समान आकारमानात वायूंचे रेणू समान असतात. मग एका ऑक्सिजन रेणूपासून वाफेचे दोन रेणू होतात. प्रत्येकात निदान एक ऑक्सिजनचा अणू हवाच, म्हणजे ऑक्सिजनचा रेणू मधून दुभंगायला हवा, म्हणजे तो ओ नसून ओ₂ असायला हवा. किती सुंदर युक्तिवाद आहे हा! एकही अणू न पाहता.

तरी हे लगेच कुणी मानलं नाही. सारखेच दोन अणू एकमेकांना धरून कसे राहतील, हे त्या काळच्या विचारात बसत नव्हतं. सूत्रांचा इतका गोंधळ होता की १८६१ मध्ये केकुलेनं ॲसेटिक आम्लाची त्या वेळी वापरात असलेली एकोणीस वेगवेगळी सूत्रं एकाच ठिकाणी छापून दाखवली. आदल्याच वर्षी, १८६० मध्ये, जर्मनीत कार्ल्सरूहे इथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली होती. तिथे कॅनिझारोनं ॲव्होगॅड्रोच्या विचारावरून अणुवस्तुमानं कशी ठरवायची ते मांडलं, त्याची पुस्तिका उपस्थितांना वाटली गेली, आणि नंतरच्या काळात चित्र साफ होत गेलं.

अक्षरांच्या संज्ञा बर्झेलियसच्या, साधारण १८१३-१४च्या. त्याआधी डाल्टन वर्तुळं काढायचा, कुणात ठिपका, कुणात रेघ. बर्झेलियस अणूंची संख्या अक्षराच्या वर लिहायचा, घातांकासारखी. ती खाली आली नंतर.

---

निळा_लिटमस

@दुर्बीण, फारच छान प्रतिसाद. यातून आणखी एक गोष्ट हाती लागते. २ एच₂ + ओ₂ → २ एच₂ओ यातले सहगुणक २, १, २ म्हणजेच गे-ल्युसॅकची आकारमानं. मुलांना वाटतं की सहगुणक म्हणजे समीकरण जुळावं म्हणून घुसवलेला आकडा. प्रत्यक्षात तो प्रयोगात मोजता येतो.

वजनाच्या बाबतीत मात्र उलटा धोका आहे. २ एमजी + ओ₂ → २ एमजीओ हे पाहून काही मुलं म्हणतात की २ ग्रॅम मॅग्नेशिअमला १ ग्रॅम ऑक्सिजन लागेल. सहगुणक ग्रॅम सांगत नाहीत, मोल सांगतात (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक, खूप मोठी संख्या). ४८ ग्रॅम मॅग्नेशिअम, ३२ ग्रॅम ऑक्सिजन, ८० ग्रॅम मॅग्नेशिअम ऑक्साइड. द्रव्य अक्षय्यतेचा नियम इथे बेरीज करून दाखवावा. मोलची बेरीज ३ विरुद्ध २ आहे, ती जुळत नाही आणि जुळायला हवी असंही नाही. ग्रॅमची जुळलीच पाहिजे.

---

पाऊलखुणा

मी दहावीत आहे. मला सूत्रं येतात, पण संतुलन करताना कुठून सुरुवात करायची ते कळत नाही. एक जुळवलं की दुसरं बिघडतं. लोखंड + वाफ हे समीकरण कुणी पायरी-पायरीनं सांगाल का?

---

परीक्षानळी

@पाऊलखुणा, सांगतो. मी प्रयोगशाळेत काम करतो, रोज हेच.

आधी सांगाडा लिही: एफई + एच₂ओ → एफई₃ओ₄ + एच₂.

सगळ्यात गुंतागुंतीचं सूत्र शोध. इथे ते एफई₃ओ₄. त्याला आधी १ धर आणि बाकीचे त्याच्याप्रमाणे चालव. लोखंड ३ हवं, म्हणून डावीकडे ३ एफई. ऑक्सिजन ४ हवेत आणि ते फक्त पाण्यातून येऊ शकतात, म्हणून ४ एच₂ओ. आता पाण्याबरोबर ८ हायड्रोजन आले, ते उजवीकडे फक्त एच₂ म्हणून बाहेर पडणार, म्हणजे ४ एच₂.

३ एफई + ४ एच₂ओ → एफई₃ओ₄ + ४ एच₂

एक जुळवलं की दुसरं बिघडतं, याचं कारण तू बहुधा सुट्या मूलद्रव्यापासून सुरुवात करत असशील. एच₂, ओ₂, एफई असे एकटे असलेले सगळ्यात शेवटी ठेव. त्यांचा आकडा बदलला तर दुसरं काही बिघडत नाही, म्हणून ते शेवटची दुरुस्ती करायला मोकळे हवेत.

अपूर्णांक आला तर घाबरू नकोस. इथेन जाळायचं आहे: सी₂एच₆ + ओ₂ → सीओ₂ + एच₂ओ. कार्बन २, म्हणून २ सीओ₂. हायड्रोजन ६, म्हणून ३ एच₂ओ. उजवीकडे ऑक्सिजन ४ + ३ = ७. डावीकडे ओ₂ किती? साडेतीन. बिनधास्त साडेतीन लिही आणि मग सगळ्याला दोननं गुण: २ सी₂एच₆ + ७ ओ₂ → ४ सीओ₂ + ६ एच₂ओ.

शेवटी प्रत्येक मूलद्रव्य एकदा दोन्हीकडे मोजून बघ. हे कधीच टाळू नकोस.

---

पाऊलखुणा

जमलं! ॲल्युमिनिअम + कॉपर सल्फेटचंही करून बघितलं: २ एएल + ३ सीयूएसओ₄ → एएल₂(एसओ₄)₃ + ३ सीयू. सल्फेट अख्खा मोजला. बरोबर आहे ना?

---

परीक्षानळी

अगदी बरोबर, शाब्बास. आता हेच आयनांच्या रूपात लिहून बघ. ॲल्युमिनिअम आणि +२ भाराचा तांब्याचा आयन डावीकडे, +३ भाराचा ॲल्युमिनिअम आयन आणि तांबं उजवीकडे. प्रत्येकी एकेक लिहिलास तर अणू जुळतात, पण डावीकडे भार +२ आणि उजवीकडे +३. म्हणजे समीकरण संतुलित नाही. आयनांच्या समीकरणात अणूंइतकंच भाराकडेही बघायचं. २ आणि ३ घेतल्यावर दोन्हीकडे +६ होतात.

शिक्षक मंडळींसाठी वेगळा मुद्दा मांडतो. संतुलित झालं म्हणजे अभिक्रिया घडते असं नाही. प्रयोगशाळेत नव्यानं येणाऱ्यांमध्ये हा गैरसमज मी फार पाहतो. सीयू + एच₂एसओ₄ → सीयूएसओ₄ + एच₂. सूत्रं बरोबर, संतुलन बरोबर, आणि विरल सल्फ्युरिक आम्लात तांब्याचा तुकडा टाकला तर एक बुडबुडाही येत नाही. तांबं हायड्रोजनला विस्थापित करू शकत नाही. आम्ल संहत आणि गरम असेल तर अभिक्रिया होते, पण हायड्रोजन येत नाही, नाकात जाणारा सल्फर डायऑक्साइड येतो: सीयू + २ एच₂एसओ₄ → सीयूएसओ₄ + एसओ₂ + २ एच₂ओ.

दुसरं, लोखंड आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल. मुलं २ एफई + ६ एचसीएल → २ एफईसीएल₃ + ३ एच₂ लिहितात. जुळतंय, पण चूक आहे. तिथे एफईसीएल₂ तयार होतं. एफईसीएल₃ हवं असेल तर तापलेल्या लोखंडावर क्लोरीन वायू सोडावा लागतो. कुठलं उत्पादित तयार होतं हे कागदावर ठरत नाही. ते आधी माहीत असावं लागतं, मग समीकरण.

म्हणून पदार्थाची अवस्था लिहायचा आग्रह धरा. स्थायू, द्रव, वायू की जलीय द्रावण. सिल्व्हर नायट्रेट आणि सोडिअम क्लोराइडची द्रावणं एकत्र केली की पांढरा साका (न विरघळणारा गाळ) क्षणात दिसतो. तोच सिल्व्हर क्लोराइड. हेच दोन क्षार कोरडे एकत्र केले तर असं काही दिसत नाही, कारण आयन मोकळे नाहीत. अवस्था न लिहिलेलं समीकरण हा फरक सांगूच शकत नाही.

---

तराजू

स्फटिकजलाच्या टिंबाबद्दलही सांगा कुणीतरी. ते टिंब मुलं गुणाकाराचं चिन्ह समजतात.

---

परीक्षानळी

हो, सीयूएसओ₄·५एच₂ओ. त्या टिंबाचा अर्थ: स्फटिकात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक घटकामागे पाण्याचे पाच रेणू रचनेत बसलेले आहेत. गुणाकार नाही, त्यामुळे रेणुवस्तुमान काढताना बेरीज करायची: ६३.५ + ३२ + ६४ = १५९.५, त्यात ५ × १८ = ९०, एकूण २४९.५. म्हणजे स्फटिकाच्या वजनात ३६ टक्के पाणी.

हे करून दाखवण्यासारखं आहे. निळे स्फटिक परीक्षानळीत हलके हलके तापवायचे. नळी तोंडाकडे किंचित उतरती धरायची, नाहीतर थंड झालेलं पाणी गरम तळाशी ओघळतं आणि काच तडकते. निळा रंग फिकट होत जातो, नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात आणि शेवटी पांढरी भुकटी उरते. पाचही रेणू एकदम जात नाहीत, शेवटचा काढायला २०० अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं. १० ग्रॅमपासून सुरुवात केली तर ६.४ ग्रॅम उरायला हवेत. मुलांना स्वतः वजन करू द्या. त्या सूत्रातला ५ कुठून आला हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. थंड झालेल्या भुकटीवर पाण्याचे दोन थेंब टाकले की ती पुन्हा निळी होते आणि चांगलीच गरमही होते.

---

निळा_लिटमस

लिहिण्याच्या शिस्तीबद्दल थोडक्यात: संज्ञेतलं दुसरं अक्षर लहानच हवं. मोठा सी, मोठा ओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. मोठा सी, लहान ओ म्हणजे कोबाल्ट. एक विषारी वायू, एक धातू. घाईत दोन्ही अक्षरं सारख्या उंचीची काढणाऱ्या मुलांना तपासनीस कशाचे गुण देणार? पादांकही ओळीच्या खालीच उतरला पाहिजे.

---

दुर्बीण

संतुलनाच्या गणिताबद्दल एक अवांतर, पण मूळ मुद्द्याला धरूनच. पोटॅशिअम परमँगनेट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल यांचं समीकरण असं लिहितात:

२ केएमएनओ₄ + ५ एच₂ओ₂ + ३ एच₂एसओ₄ → के₂एसओ₄ + २ एमएनएसओ₄ + ८ एच₂ओ + ५ ओ₂

आता हे बघा:

२ केएमएनओ₄ + ७ एच₂ओ₂ + ३ एच₂एसओ₄ → के₂एसओ₄ + २ एमएनएसओ₄ + १० एच₂ओ + ६ ओ₂

मोजा. पहिल्यात दोन्हीकडे हायड्रोजन १६ आणि ऑक्सिजन ३०. दुसऱ्यात हायड्रोजन २० आणि ऑक्सिजन ३४. दोन्ही संतुलित! पेरॉक्साइड ९ घेऊन तिसरं, ११ घेऊन चौथं, असं कितीही करता येईल. मग बरोबर कुठलं?

---

शिसपेन्सिल

@दुर्बीण, अप्रतिम उदाहरण. अकरावी-बारावीच्या मुलांना हे द्यायलाच हवं.

उत्तर इलेक्ट्रॉनच्या हिशोबात आहे. परमँगनेटमधलं मँगनीज +७ वरून +२ वर येतं, म्हणजे प्रत्येकी ५ इलेक्ट्रॉन घेतं, दोघांचे १०. पेरॉक्साइडचा एक रेणू ऑक्सिजन होताना २ इलेक्ट्रॉन देतो. १० द्यायला ५ रेणू लागतात. म्हणून ५ बरोबर.

७ वाल्या समीकरणात जास्तीचे दोन रेणू परमँगनेटशी काहीच करत नाहीत. ते आपले आपण फुटतात: २ एच₂ओ₂ → २ एच₂ओ + ओ₂. दोन वेगळ्या अभिक्रिया एका ओळीत मिसळल्या आहेत. नुसते अणू मोजून हे कधीच सापडणार नाही, कारण दोन्ही अभिक्रिया आपापल्या जागी संतुलितच आहेत.

@तराजू, तुमच्या पन्नास जणांच्या वर्गासाठी एक सुचवते, जमलं तर करून बघा. तिरकस गुणाकार शिकवाल त्या दिवशी फळ्यावर एका बाजूला एमजीओ आणि दुसऱ्या बाजूला एच₂ओ₂ लिहून ठेवा, आणि कशाला भागायचं, कशाला नाही एवढाच प्रश्न विचारा. उत्तर लगेच सांगू नका.

---

तराजू

उद्याच शेवटच्या तासाला विचारतो. मुलांची उत्तरं काय येतात ते इथेच लिहीन.